जेआरडी आणि जादाचे स्पार्क प्लग

कराडच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने चढता-उतरताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पाचगणीच्या परिसरात हौशी लोक पॅराग्लायडर घेऊन उड्या घेतात, त्यांचे व्हिडिओ तर रोज मोबाइलवर येतात. हौस म्हणून आकाशात जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढते आहे. या हौसेला आपल्या देशात पहिला अधिकृत परवाना मिळाला, त्याला आता शंभर वर्षे होत आली. तो ज्यांच्या नावावर निघाला, त्या जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडींचे चरित्र उद्योगपती म्हणून आपण वाचलेले असते. आज ते सुरक्षिततेच्या अंगाने पाहू. त्यात डॉक्टरांनी, रुग्णांनी आणि घरातल्या प्रत्येकाने घेण्यासारखे बरेच काही आहे.

जेआरडींचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई फ्रेंच, माहेरचे नाव सुझान ब्रिएर. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्देलो येथे कुटुंबाचे सुट्टीतले घर होते. शेजारी लुई ब्लेरिओ राहायचे. 1909 मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक ते हेच. त्या वाळूवर विमाने उतरताना पाहत मुलगा वाढला आणि पंधराव्या वर्षी त्याने पहिली फेरी मारली. वेड तेव्हाच लागले, पण विमान शिकण्याची संधी मिळायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर जेआरडी तिथे दाखल झाले. प्रशिक्षकाबरोबर चार तासही पूर्ण झाले नसतील, तोच त्यांनी एकट्याने उड्डाण केले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना परवाना मिळाला, क्रमांक 1. आजच्या विद्यार्थ्याला हा वेग परवडणारा नाही आणि नियमही तो चालू देणार नाहीत. तेव्हाची विमाने लाकूड आणि कापडाची, उघड्या बैठकीची. रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज जेमतेम. चुकीला क्षमा करणारे काहीच हाताशी नसल्यामुळे वैमानिकाला स्वतःलाच सावध राहावे लागे. त्या सावधपणाची परीक्षा लवकरच आली.

1929 च्या नोव्हेंबरात आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट दिशेने, एकट्याने, ठरलेल्या मुदतीच्या आत विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंड. तिघे पुढे आले: मनमोहन सिंग, अवघ्या सतरा वर्षांचे आस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. आस्पी इंग्लंडकडून निघाले. जेआरडींनी 3 मे 1930 रोजी कराचीहून इंग्लंडच्या दिशेने उड्डाण केले. विमान जिप्सी मॉथ, चार सिलिंडरचे इंजिन.

हे इंजिन समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. एक बाजू बंद पडली तरी दुसऱ्या बाजूवर इंजिन चालत राहते. विमानशास्त्रातले हे सर्वांत जुने शहाणपण: एकाच दोरीवर जीव टांगायचा नाही. गंभीर रक्तस्राव झालेल्या रुग्णाला आम्ही दोन्ही हातांना सलाइनची सुई लावतो, ते याच कारणाने. एक सुई बंद पडण्याची वेळ नेमकी अडचणीचीच असते.

वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरच्या विमानतळावर जेआरडी उतरले, तर तिथे आस्पी अडकून पडलेले. त्यांच्या विमानाचे प्लग खराब झाले होते आणि जवळ दुसरे नव्हते. शर्यतीत समोरचा अडला की आपला रस्ता मोकळा. जेआरडींनी मात्र स्वतःजवळच्या जादा प्लगांमधून त्यांना प्लग काढून दिले. आस्पींनी आपले लाइफ जॅकेट जेआरडींना दिले. आस्पींचा भूमध्य समुद्र मागे पडला होता, जेआरडींचा पुढे होता. आस्पी कराचीला आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. मनमोहन सिंगांनीही उड्डाण पुरे केले, पण मुदत उलटून गेली होती. हेच आस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

ही गोष्ट खिलाडूवृत्तीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण त्यात सुरक्षिततेचे दोन मुद्दे दडले आहेत. पहिला, जादाचे सामान जवळ बाळगणारा माणूस स्वतः तरतोच, शिवाय दुसऱ्यालाही तारू शकतो. दुसरा जास्त महत्त्वाचा. शर्यत, वेळेचे बंधन, घरी पोहोचण्याची ओढ, बरोबरच्यांसमोर माघार घेण्याची लाज, यांपायी छोट्या विमानांचे वैमानिक नको त्या हवामानात शिरतात आणि अपघात होतात. हातून बक्षीस निसटण्याची शक्यता दिसत असताना ज्याचे डोके शांत राहते, तो माणूस खराब ढग दिसल्यावर परत फिरू शकतो. खंबाटकी घाटात धुक्यात ओव्हरटेक करणाऱ्या मोटारवाल्याला नेमके हेच जमत नाही.

बक्षीस गेले, पण विमान सुटले नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडींनी कराचीहून टपालाच्या थैल्या पस मॉथ विमानात घातल्या आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणल्या. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय हवाई वाहतुकीची ही सुरुवात. जुहूची धावपट्टी म्हणजे भरतीच्या काठावरचा चिखल. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. तेव्हा सगळा कारभार पुण्याला येरवड्याच्या एका मैदानात हलवला जाई. भर पावसात सह्याद्री ओलांडायचा, तोही रेडिओशिवाय, डोळ्यांनी जमीन पाहत. जुलैमध्ये कास किंवा कोयनेच्या बाजूला ज्यांनी ढग अंगावर घेतले आहेत, त्यांना याची कल्पना सहज येईल. इतके असूनही पहिल्या वर्षात त्यांचे टपाल वेळेवर पोहोचण्याबद्दल नावाजले गेले.

ढगात शिरल्यावर शरीराचे काय होते, हा माझ्या विषयाचा भाग. आपला तोल तीन गोष्टींवर चालतो: डोळे, स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव आणि कानाच्या आतल्या भागातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. या नळ्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. पण विमान एकाच गतीने वळत राहिले, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि कान सांगतो, आपण सरळ चाललो आहोत. वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले, की कान ओरडतो, उलट्या बाजूला कलतो आहोत. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात किंवा अंधाऱ्या समुद्रावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग भरवसा फक्त उपकरणांवर, आणि तोही शिकून, सराव करूनच ठेवता येतो. 1954 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांची चाचणी घेतली. बाहेरचे दिसेनासे केल्यावर विमानावरचा ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. पुरती तीन मिनिटेही नाहीत.

जेआरडींच्या आयुष्यात हा धडा फार मोठ्या किमतीला आला. 1953 मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतरही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिले. 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले एम्परर अशोक हे जम्बो विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. आतले सर्व 213 जण गेले. भारतीय चौकशीचा निष्कर्ष असा की, कॅप्टनसमोरचे क्षितिज दाखवणारे उपकरण बिघडले होते. ते विमान उजवीकडे कललेले दाखवत राहिले आणि कॅप्टन विमान डावीकडे कलवत गेले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. सहवैमानिकासमोरचे उपकरण बरोबर दाखवत होते, पण दोन्हींची तुलना होऊन निर्णय बदलायला वेळ उरला नाही. यानंतर महिन्याभरातच सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले.

त्याआधीचा एक घाव अधिक जवळचा होता. 24 जानेवारी 1966 रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि 117 जण दगावले. त्यांत होमी भाभा होते. जेआरडींच्या पाठबळावर ज्यांनी 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली, तेच भाभा. वैमानिकाचा समज असा झाला की पर्वत मागे पडला. जमिनीवरच्या नियंत्रकाला चूक दिसली होती, त्याने ती सांगण्याचा प्रयत्नही केला, पण शब्द मोघम राहिले आणि ऐकणाऱ्याने त्यातून स्वतःला हवा तो अर्थ घेतला. म्हणूनच आज महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, हा नियम विमानात जितका पक्का आहे, तितकाच तो वॉर्डात हवा. फोनवरून औषधाचा डोस सांगितला, तर परिचारिकेने तो परत म्हणावा आणि डॉक्टरने होकार द्यावा. घरी आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या असतील, तर नातेवाइकांनीही डॉक्टरांपुढे एकदा परत म्हणून दाखवावे. यात कमीपणा कसला?

जेआरडींची एक सवय एअर इंडियात प्रसिद्ध होती. प्रवासी म्हणून बसले तरी ते डोळे उघडे ठेवत, बारीकसारीक त्रुटी टिपून घेत आणि कचेरीत पाठवत. पडदा, कप, स्वच्छतागृह, काहीही सुटत नसे. लहान गोष्ट नीट ठेवणाऱ्या जागी मोठी गोष्ट सहसा बिघडत नाही. विमानशास्त्राने ही सवय कागदावर आणली ती 1935 नंतर. त्या वर्षी अमेरिकेत बोइंगचे एक नवे मोठे विमान चाचणीतच पडले, कारण शेपटीचे कुलूप काढायचे राहून गेले. वैमानिक अतिशय अनुभवी होता. त्यानंतर उड्डाणापूर्वीची तपासयादी आली. शस्त्रक्रियागृहात ती यायला 2008 साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेची ती 19 मुद्द्यांची यादी आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. रुग्णाचे नाव, कोणती बाजू, ॲलर्जी, रक्त तयार आहे का, इतके साधे प्रश्न. आमच्यासारख्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयात त्यांची गरज जास्तच, कारण घाई जास्त.

15 ऑक्टोबर 1982 रोजी, पहिल्या टपाल उड्डाणाला 50 वर्षे झाली त्या दिवशी, जेआरडींनी लेपर्ड मॉथ हे जुने विमान एकट्याने कराचीहून मुंबईला आणले. वय 78. हे वाचून कुणा ज्येष्ठाने हुरळून जाऊ नये. वय हा आकडा आहे हे खरे, पण नजर, रक्तदाब, हृदय आणि साखर यांची तपासणी झाल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी उड्डाण शिकते आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: सर्दी असताना उडू नये, कारण कान आणि नाकाला जोडणारी नळी बंद असेल तर उतरताना कानाचा पडदा फाटू शकतो. सर्दीच्या साध्या गोळीनेही झोप येते. उड्डाणाआधी 12 तास मद्य घ्यायचे नाही, असा आपल्याकडचा नियमच आहे. पुरेशी झोप झाली नसेल तर त्या दिवशी जमिनीवर राहावे. आजार लपवून मिळवलेला तंदुरुस्तीचा दाखला वर गेल्यावर कामाला येत नाही.

पॅराग्लायडर पडलेला दिसला, तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, गाडीच्या मागच्या सीटवर कोंबू नका. मान आणि पाठ आहे त्या स्थितीत स्थिर धरा आणि 108 ला फोन करा. मानेच्या मणक्याचे हाड मोडले असेल आणि मज्जारज्जू शाबूत असेल, तर तो शाबूत राहणे पहिल्या काही मिनिटांत जवळ असलेल्या माणसाच्या हातात असते.

जेआरडींना 1992 मध्ये भारतरत्न मिळाले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. 1941 मध्ये परळला उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयामागेही त्यांच्याच अध्यक्षतेखालचा ट्रस्ट होता. कर्करोगाचे उपचार घेऊन तिथून परतलेले रुग्ण आमच्या ओपीडीत पुढच्या तपासणीला येतात. त्यातल्या बहुतेकांना हा माणूस विमान उडवायचा हे ठाऊकही नसते. पुढच्या वेळी कराडवरून एखादे छोटे विमान घरघरत गेले, तर मुलांना अबुकीरची गोष्ट जरूर सांगा. मोटारसायकलवर निघताना डिकीत जादाचा प्लग आणि डोक्यावर हेल्मेट आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.