काळवंडलेल्या दिव्यातून प्लाझ्मापर्यंत

मोबाइलमधल्या चिपवर ज्या रेषा कोरलेल्या असतात, त्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असतात. त्या कोरायला कुठलंही हत्यार चालत नाही. तिथे हत्यार असतं ते चमकणाऱ्या वायूचं, म्हणजे प्लाझ्माचं. रक्तातल्या पेशी वाहून नेणाऱ्या द्रवाला आपण प्लाझ्मा म्हणतो. तेच नाव या वायूला अर्विंग लँगम्युअर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२८ साली दिलं. रक्तद्रव जसा पेशी वाहून नेतो, तसा हा विद्युतभारित वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, हे साम्य त्याला दिसलं, असं त्याच्या सहकाऱ्याने पुढे नोंदवून ठेवलं आहे.

लँगम्युअरचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. कोलंबिया विद्यापीठातून धातुशास्त्राची पदवी घेऊन तो जर्मनीत गटिंगेनला नर्न्स्टकडे गेला आणि १९०६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतला. परत आल्यावर न्यू जर्सीतल्या एका महाविद्यालयात त्याने शिकवायला सुरुवात केली, पण तिथे संशोधनाला वेळच मिळेना. १९०९ च्या उन्हाळी सुटीत तो जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टेडी इथल्या प्रयोगशाळेत गेला आणि निवृत्त होईपर्यंत तिथलाच झाला.

कंपनीपुढे तेव्हा एक साधीच अडचण होती. विजेच्या दिव्याची काच काही दिवसांत आतून काळी पडे. आत थोडी हवा उरते म्हणून असं होतं, तेव्हा निर्वात आणखी चांगला करा, असं सगळे म्हणत. लँगम्युअरने नेमकं उलटं केलं. दिव्यात एकेक वायू मुद्दाम सोडून काय होतं ते तो पाहत बसला. दोन-तीन वर्षं त्यातून विकण्याजोगं काहीच निघालं नाही आणि तरीही प्रयोगशाळेचे संचालक विलिस व्हिटनी यांनी त्याला थांबवलं नाही. या गोष्टीतलं निम्मं श्रेय व्हिटनींना द्यायला हवं.

शेवटी उत्तर मिळालं. तापलेल्या तारेतून टंगस्टनचेच अणू उडून काचेवर बसत होते. निर्वात कितीही उत्तम केला तरी ते थांबणार नव्हते. उलट आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरला तर तार कमी झिजते. पण वायू तारेची उष्णता पळवतो, म्हणून तार गुंडाळून स्प्रिंगसारखी करायची. १९१३ च्या सुमाराला हा दिवा तयार झाला. पिवळ्या उजेडाचे जे बल्ब आपल्या घरांत कालपरवापर्यंत होते, ते याच वंशातले.

वायूतून वीज जाताना आत काय चालतं, हा प्रश्न मात्र त्याला सोडेना. १९२० च्या दशकात हॅरल्ड मॉट-स्मिथ या सहकाऱ्याबरोबर त्याने एक विलक्षण सोपी युक्ती काढली. चमकणाऱ्या वायूत एक बारीक तार खुपसायची, तिच्यावरचा विद्युतदाब हळूहळू बदलायचा आणि किती प्रवाह येतो ते मोजायचं. त्या आलेखावरून आत इलेक्ट्रॉन किती आहेत आणि ते किती तापलेले आहेत, दोन्ही कळतं. या मोजणीतून दिसलं ते चमत्कारिक होतं. इलेक्ट्रॉनांचं तापमान हजारो अंश, पण भोवतालचा वायू त्या मानाने थंडच. चिप बनवणाऱ्यांना हवं असतं ते हेच. चपळ इलेक्ट्रॉन वायूचे रेणू फोडतात, त्यातून सिलिकॉन खाणारे फ्लोरिनसारखे अणू सुटतात, आयन सरळ खाली आदळतात आणि खाच कडेने न पसरता उभी खोल जाते. तरीही खालची चकती वितळत नाही. लँगम्युअरच्या नावाची ती तार प्लाझ्माच्या प्रयोगशाळांत आजही वापरली जाते. १९३२ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मात्र पृष्ठभागांवरील रसायनाच्या अभ्यासाबद्दल.

आता होटगीकडे येऊ. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरून विजयपूर-गदगचा फाटा जिथे फुटतो, ते सोलापूरजवळचं हे गाव. काळे ढग येतात आणि न बरसता पुढे जातात, हा इथला जुना अनुभव. पर्जन्यछायेचा प्रदेशच हा. या ढगांशीही लँगम्युअरचं नातं आहे. १९४६ मध्ये त्याचा सहकारी व्हिन्सेंट शेफर याने कोरड्या बर्फाने ढगात हिमकण तयार होतात हे दाखवलं. त्या वर्षी १३ नोव्हेंबरला त्याने विमानातून ढगावर सुमारे पावणेतीन किलो कोरडा बर्फ टाकला आणि ढगातून हिम पडलं. ते जमिनीवर पोहोचण्याआधीच विरलं, पण लँगम्युअर हरखून गेला.

इथून त्याचं पाऊल घसरलं, असं मला वाटतं. १९४७ मध्ये अटलांटिकमधल्या एका चक्रीवादळावर कोरडा बर्फ टाकला गेला. वादळ वळून जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर गेलं. ते आपल्यामुळेच वळलं, असं त्याने ठामपणे मांडलं. वळण आधीच सुरू झालं होतं, हे पुढे दिसून आलं. न्यू मेक्सिकोत ठरावीक वारी बीजारोपण केल्याने दूरच्या राज्यांतही आठवड्याच्या तालात पाऊस पडतो, असाही त्याचा दावा होता. हवामानशास्त्रज्ञांनी तो मानला नाही. गंमत म्हणजे, हवं ते दिसू लागलं की शास्त्रज्ञ कसे फसतात, यावर १९५३ मध्ये त्यानेच एक गाजलेलं व्याख्यान दिलं होतं. दिव्याच्या वेळी तो एकेक वायू वेगळा करून पाहू शकला. ढगाला तसं बाटलीत भरता येत नाही. बीज न टाकता हा ढग बरसला असता का, याचं उत्तर एका ढगाकडून मिळत नाही.

त्यासाठी पुष्कळ ढग लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात नेमकं तेच केलं. २७६ ढग निवडले, काहींत बीज टाकलं, काहींत मुद्दाम टाकलं नाही आणि दोन्हींची तुलना केली. अनुकूल ढग असतील तर काही ठिकाणी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस मिळतो, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळात ढगच नसेल तर त्याचा उपयोग नाही, हेही त्यात आलंच.

लँगम्युअर १६ ऑगस्ट १९५७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात वारला. पावसाबद्दलचा त्याचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नव्हता.