छात्रालयातला संसार

अविवाहित पुरुषासाठी मराठी समाजाने फार थोड्या जागा राखून ठेवल्या आहेत. तो साधू-संन्यासी असेल तर त्याच्या पायांवर डोके ठेवायचे. देशकार्यासाठी त्याने घरदार सोडले असेल तर त्याचे नाव आदराने घ्यायचे. यांपैकी काहीच नसेल तर मात्र तो सडाफटिंग. लग्नाचे वय थोडे उलटले की घोडनवरा, बरेच उलटले की एकटा जीव सदाशिव. मुंज होऊन लग्नाआधीच मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, ही समजूत तर मरणानंतरही त्याला सोडत नाही. सत्यनारायणाच्या पूजेला जोडपे बसते आणि सड्या माणसाला भाड्याने खोली देताना घरमालक चार वेळा विचार करतो. दोनाचे चार हात झाले की पोरगा मार्गाला लागेल, हा विश्वास आपल्याकडे इतका पक्का आहे की हात दोनच राहिले तर माणूस मार्गाला लागलाच नाही, असे गृहीत धरले जाते.

पांडुरंग सदाशिव साने यांचे हात दोनच राहिले. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो आणि मातृहृदयी म्हणून गौरवतो. या गौरवात प्रेम आहे यात शंका नाही. पण लग्न न केलेला, मुलाबाळांत रमणारा, डोळ्यांत चटकन पाणी येणारा पुरुष समोर आल्यावर त्याला आई म्हणण्यापलीकडे आपल्याला दुसरा शब्द सुचला नाही, हेही त्यात दडलेले आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगडचा. घराणे खोतांचे, परंतु वडील सदाशिवरावांच्या काळात वैभव ओसरून कर्ज तेवढे उरलेले. आई यशोदाबाई. त्याच १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ नाटक रंगभूमीवर आले. पैलतीरी नजर लागलेल्या म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी बोहल्यावर उभे राहण्याची घाई करावी, हा त्या नाटकाचा विषय प्रेक्षकांना मुळीच अनोळखी नव्हता. बिजवर, तिजवर होणे त्या काळी रीतीचे होते. धडधाकट तरुणाने लग्नच न करणे मात्र रीतीबाहेरचे. मुलीचे वय किमान चौदा आणि मुलाचे अठरा असावे असे सांगणारा शारदा कायदा पुढे १९२९ मध्ये झाला (नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले, नाटकावरून नव्हे), तेव्हा त्याविरुद्ध केवढा गदारोळ उठला होता. लग्न कधी व्हावे यावर वाद होता. ते व्हावे की नाही यावर नव्हता.

अशा काळातल्या एका लहान मुलाची हकीकत ‘श्यामची आई’च्या पहिल्याच रात्री येते. आई आजारी आहे, वटसावित्रीचे व्रत तिला मोडायचे नाही. वडाला प्रदक्षिणा घालण्याचे काम ती श्यामवर सोपवते. तो लाजतो. वडापाशी बायका जमलेल्या असणार, त्या हसतील, मित्र चिडवतील, ही त्याची भीती. देवाच्या कामाला आणि आईच्या कामाला लाजायचे कशाला, अशा अर्थाने आई त्याची समजूत घालते आणि मुलगा जातो. बायकांचे समजले जाणारे काम पुरुषाने केले तर त्याची पुरुषाई उणी होते की काय, हा प्रश्न गुरुजींनी आपल्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाच्या दारातच उभा केला आहे. पुस्तक वाचून डोळे पुसणाऱ्या पिढ्यांनी त्याची दखल फारशी घेतलेली दिसत नाही.

आई १९१७ मध्ये गेली. शिक्षणासाठी घरापासून दूर असलेल्या मुलाला तिची अखेरची भेट मिळाली नाही. दापोली, औंध, पुणे असा गरिबीतला विद्यार्थीपणाचा प्रवास करून ते १९२२ मध्ये पदवीधर झाले. नंतर अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहून त्यांनी एम. ए. केले आणि १९२४ मध्ये तेथल्याच हायस्कुलात शिक्षकाची नोकरी धरली. चोविशीतला, कुलीन, एम. ए. झालेला पगारदार तरुण म्हणजे त्या काळच्या स्थळांच्या बाजारात पहिल्या रांगेतला नवरदेव. घरच्या ओढगस्तीचा विचार केला तर हुंड्याचा मोह पडावा, अशीच परिस्थिती. गुरुजी त्या वाटेला गेले नाहीत. समर्थ रामदासांच्या बोहल्यावरून पळून जाण्याची आख्यायिका जशी घराघरांत सांगितली जाते, तसा कोणताही नाट्यपूर्ण प्रसंग त्यांच्या आयुष्यात नाही. त्यांनी मांडला तो वेगळाच संसार.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली, घर पहिल्यांदाच सोडलेली ही मुले. वसतिगृहाचा व्यवस्थापक म्हणजे हजेरी घेणारा, दिवे वेळेवर मालवले गेले की नाही हे पाहणारा, प्रसंगी छडी उगारणारा गृहस्थ, अशीच तेव्हाची कल्पना. मुले शाळेत गेली की गुरुजी मात्र त्यांच्या खोल्या झाडत. विस्कटलेली अंथरुणे नीट ठेवत, कंदिलांच्या काचा पुसत, धोतरांच्या घड्या घालत, कोणाचे मळलेले कपडे पडलेले दिसले तर धुऊन वाळत टाकत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढत. मुलांना आधी हे चमत्कारिक वाटले, मग लाज वाटली आणि हळूहळू ती आपल्या खोल्या आपण आवरू लागली. उपदेशाचा एक शब्द न बोलता झालेले हे शिक्षण होते. गुरुजी मुलांसाठी रोज हस्तलिखित दैनिकही काढत. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले.

हेच सारे एखाद्या गृहिणीने केले असते तर कोणी लिहून ठेवले नसते. पुरुषाने केले म्हणून ती आठवण झाली, आणि पुरुष अविवाहित असल्याने तिला त्यागाचे वलयही लाभले. परंतु छात्रालयातल्या त्या सहा वर्षांकडे केवळ त्याग म्हणून पाहणे गुरुजींवर अन्याय करणारे आहे. झाडणे, पुसणे, शुश्रूषा करणे यांत त्यांना आनंद होता. घर करण्याची त्यांना हौस होती. फक्त त्या घरासाठी लग्न ही पूर्वअट आहे, हे त्यांनी मानले नाही.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. धुळे, त्रिचनापल्ली, पुन्हा धुळे, नाशिक अशी तुरुंगांची मालिका सुरू झाली. त्रिचनापल्लीत दक्षिणेकडचे सहबंदी भेटले, त्यांच्या भाषा कानावर पडल्या आणि पुढे ज्या आंतरभारतीचा त्यांनी ध्यास घेतला तिचे बीज तेथे रुजले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे आणि साने गुरुजी एकत्र आले. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहेत ती या लेखणीमुळे.

बोलणारा अविवाहित आणि लिहून घेणाराही अविवाहित. पण दोघांची जातकुळी वेगळी. विनोबांनी वयाच्या दहाव्या वर्षीच ब्रह्मचर्याचा निश्चय केला होता. १९१६ मध्ये परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरून काशीला गेला तो गेलाच. त्यांचे दोन्ही भाऊ, बाळकोबा आणि शिवाजीराव, हेही अविवाहित राहिले. एकाच आईचे तिन्ही मुलगे ब्रह्मचारी, याचा समाजाला अचंबा वाटला, पण अडचण झाली नाही. कारण या वैराग्याला शास्त्राचा आधार होता, परंपरेचे नाव होते. विनोबांचा एकटेपणा गणितासारखा स्वच्छ होता. गुरुजींचे तसे नव्हते. त्यांना माणसे हवी असत. पत्रे हवी असत, फुले, पाखरे, मुलांचे रुसवेफुगवे हवे असत. आसक्ती सुटलेला ब्रह्मचारी आपल्याला ओळखता येतो. संसाराविना आसक्त असलेला माणूस कोणत्या खान्यात बसवायचा, हे कळत नाही. मग कोणी त्याला संत करतो, कोणी भाबडा ठरवतो आणि कोणी सरळ रडका म्हणून मोकळा होतो. गुरुजींच्या वाट्याला हे तिन्ही आले. वाङ्मयाच्या दरबारात त्यांच्या लेखनाची अश्रूंवरून झालेली टवाळी नवी नाही. स्त्रीने रडावे, संतांनी देवासाठी रडावे, परंतु धोतर-सदऱ्यातल्या शिक्षकाने माणसांसाठी रडू नये, असा काहीसा तो दंडक होता.

‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी आरंभ आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे समाप्ती, अवघे पाच दिवस. पुस्तकाची चौकट पाहण्यासारखी आहे. आईची गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, तो आश्रमात राहतो आणि ऐकणारे त्याचे आश्रमातले सोबती आहेत. दिवसाची कामे उरकून जमलेला हा पुरुषांचा घोळका रोज रात्री एका बाईचा स्वयंपाक, तिची उपासतापास, तिचे कर्जापायी झालेले अपमान, तिची माया यांची कथा ऐकतो. बेचाळीस रात्री हे चालते. भाजी अळणी झाली असता ती मुकाट्याने खाणारे वडील आणि मागाहून ते समजल्यावर हळहळणारी आई, असले बारीकसारीक तपशील येथे युद्धवार्तेच्या गांभीर्याने सांगितले जातात. स्वयंपाकघरातले जग मराठी पुरुषवाचकांसमोर इतक्या आदराने मांडणारा लेखक स्वतः घरसंसार नसलेला असावा, हा केवळ योगायोग नाही. ज्याला ताट वाढून मिळते त्याचे चुलीकडे लक्ष जात नाही.

फैजपूरचे १९३६ मधील काँग्रेसचे अधिवेशन, १९३८ मध्ये काढलेले ‘काँग्रेस’ साप्ताहिक, १९४२ च्या लढ्यातील भूमिगत जीवन आणि पुन्हा कारावास ही पुढची वाटचाल सर्वपरिचित आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी मंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. सनातन्यांनी यावेळी त्यांची निंदा केली तशी हेटाळणीही केली. रडका म्हणून ज्याची थट्टा चालत असे तो माणूस प्राण पणाला लावून बसला, तेव्हा त्याच्या मऊपणाखाली काय आहे हे पंढरीच्या वाळवंटाने पाहिले.

गांधीहत्येने मात्र गुरुजी आतून मोडले. हत्या करणारा मराठी माणूस, याचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. याच काळात पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे ‘साधना’तून वाचकांसमोर येऊ लागली. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती आजही वाचली जातात. आकाशातले ढग, समुद्र, एखादे रानफूल, रवींद्रनाथ आणि देशातल्या घडामोडी यांविषयी एक काका पुतणीशी बोलतो आहे. त्यात शिकवण्याचा आव नाही. लग्न न केलेला काका किंवा मामा ही आपल्या कुटुंबांतली नित्याची व्यक्ती. कोणाच्या शिक्षणाचा भार उचलणारी, कोणाच्या आजारपणात धावून येणारी आणि समारंभाच्या छायाचित्रात मात्र कडेला उभी राहणारी. तिच्या मायेचा मराठीतला सर्वांत सुंदर पुरावा या पत्रांत सापडतो.

११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. वय पन्नास. संसार असता, बायकोमुले असती तर असे घडले नसते, असा तर्क सोपा आहे आणि लग्न हाच सर्व दुःखांवरचा उतारा मानणाऱ्यांना सोयीचाही. परंतु गुरुजींना सलत होते ते आपले रिकामे घर नव्हे. स्वातंत्र्यानंतर समाजात वाढत चाललेला द्वेष, सत्तेची घाई, समतेच्या स्वप्नाची पडझड यांनी ते पोळत होते. संसारी माणसेही एकाकी असतात आणि गुरुजींभोवती तर जीव लावणारे शेकडो तरुण होते. त्यांतल्या अनेकांनी पुढे महाराष्ट्रातील समाजवादी चळवळ, शिक्षण आणि सेवाकार्य उभे केले. ‘साधना’ही त्यांच्यामागे थांबली नाही.

गुरुजींच्या पश्चात तीन वर्षांनी आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणला. हेच अत्रे १९३८ मध्ये मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटाचे लेखक. भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा तरुण आणि त्याची पुढे उडालेली फजिती यांवर तेव्हा सारा महाराष्ट्र पोट धरून हसला होता. पंधरा वर्षांनी अत्र्यांनी त्याच महाराष्ट्राला एका अविवाहित शिक्षकाच्या आठवणींवर रडवले. वनमालांनी आई साकारली, माधव वझे यांनी छोटा श्याम. १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले.