बाबासाहेबांचा स्वतःचा छापखाना
आज हजारो वाचकांना स्वस्तात पत्रं पाठवायची तर स्वतःचा सर्व्हर पुरतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या काळी छापखाना लागायचा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. 'केसरी'नं मात्र पैसे मोजायची तयारी असूनही त्याची जाहिरात छापली नाही. पुढे बाबासाहेब शिकायला लंडनला गेले आणि पाक्षिक बंद पडलं.

१ जानेवारी १९२७ ला ते शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला आले, विजयस्तंभाला अभिवादन केलं. तीनच महिन्यांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू! पैशांची कायम ओढाताण. लिहायलाही माणसं नाहीत. रकानेच्या रकाने ते एकटेच भरायचे, तेही वकिली सांभाळून. मग मुंबईत त्यांनी 'भारत भूषण' हा स्वतःचा छापखाना उभारला. आता छापायला नाही म्हणणारं कुणी उरलं नाही. १९३० ला 'जनता' निघालं, १९५६ ला त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं.