हिशेबाच्या कचेरीतले ध्यान : सयाजी ऊ बा खिन

मोठ्या कंपन्यांत हल्ली माइंडफुलनेसचे वर्ग भरतात. आमच्या अनेक कार्यकर्त्यांना याचा राग येतो आणि तो रास्तच आहे. बारा बारा तास राबवून घ्यायचे आणि वर शांत बसायला शिकवायचे, हे कसले कल्याण? पण ध्यान कचेरीत नेणारा एक माणूस असाही होऊन गेला, ज्याने ध्यानाच्या आड गैरकारभार झाकला नाही.

सयाजी ऊ बा खिन यांचा जन्म ६ मार्च १८९९ चा, रंगूनच्या कामगार वस्तीतला. शिक्षण संपल्यावर काही काळ वर्तमानपत्रात नोकरी केली आणि मग ते महालेखापालांच्या कचेरीत साधे कारकून म्हणून लागले. १९३७ च्या जानेवारीत एका परिचिताकडून त्यांना आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना कळली. आठवड्याभरातच त्यांनी सया थेटजी यांचे केंद्र गाठले. थेटजी भिक्खू नव्हते, शेतकरी गृहस्थ होते. हे आपल्या तरुणांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. शिबिराहून परतल्यावर टेबलावर लिफाफा दिसला, तेव्हा नोकरी गेली असेच त्यांना वाटले. निघाले बढतीचे पत्र, असे सांगतात.

४ जानेवारी १९४८ रोजी बर्मा स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन देशाचे पहिले महालेखापाल झाले. १९५० मध्ये त्यांनी कचेरीतच विपश्यना मंडळ काढले, मुख्यतः तिथल्याच कर्मचाऱ्यांसाठी. १९५२ मध्ये रंगूनमध्ये आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उभे राहिले. पुढे तांदळाचा व्यवहार पाहणाऱ्या सरकारी शेती पणन मंडळाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तिथली लाचखोरी आणि ढिलाई मोडण्यासाठीच त्यांना नेमले होते. काही काळ तर एकाच वेळी अनेक खात्यांचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. निवृत्तीचे वय उलटले तरी सरकार त्यांना सोडेना. १९६७ मध्ये ते सेवेतून मोकळे झाले.

आम्हाला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. साधनेची सुरुवात शीलापासून होते, आणि अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहेच. संवेदना उठली की तिच्यावर न भडकता ती पाहायची, हा तिथला स्वीकार. साहेबाचा अन्याय पोटात घालणे म्हणजे स्वीकार, असे कंपन्यांचे काही प्रशिक्षक सुचवतात. आम्ही ते मानत नाही. लाच दिसली तर ती थांबवायचीच, फक्त द्वेषाने पेटून नव्हे.

१९५५ मध्ये व्यापारी सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने हैराण होऊन त्यांच्याकडे आले. केवळ डोकेदुखी घालवायला येत असाल तर नको, म्हणून ऊ बा खिन यांनी आधी नकार दिला. मन निर्मळ करायचे असेल तर या, अशी त्यांची अट होती. तब्येत सुधारलीच तर ती वरकड. कामगिरी वाढावी म्हणून ध्यान विकणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

हेच गोएंका गुरूंच्या संमतीने १९६९ मध्ये भारतात आले. पहिले शिबिर त्यांनी मुंबईत घेतले. विपश्यना तिच्या मायभूमीत परतावी ही ऊ बा खिन यांची इच्छा होती, पण त्यांचे स्वतःचे येणे झाले नाही. १९ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू व्हायला तेव्हा अजून पाच वर्षे होती.