शिवथरच्या घळीतील एकान्त

माघ वद्य नवमी ही श्रीसमर्थ रामदासस्वामींची पुण्यतिथी. प्रतिपदेपासून चाललेल्या दासबोधाच्या पारायणाची आज घरोघरी सांगता होईल. महाड-पोलादपूरकडील मंडळींना सावित्रीकाठच्या सव गावचे ऊन पाण्याचे झरे परिचित आहेत. देहाच्या व्यथांवर उतारा म्हणून लोक तेथे स्नानास जातात. मनाला विसावा हवा असलेले भाविक त्याच महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शिवथरच्या घळीची वाट धरतात. समर्थांनी येथेच बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे.

समर्थांच्या एकान्ताविषयी आपण भक्तिभावाने पुष्कळ बोलतो. त्या एकान्ताचे मोल कोणाकोणाला द्यावे लागले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ च्या रामनवमीला मराठवाड्यातील जांब येथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. वडील लवकर निवर्तले. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभे असता मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द कानी पडला आणि मुलगा मांडवातून निघून गेला. मागे थोरले बंधू गंगाधरपंत राहिले, राणूबाई राहिल्या आणि अंतरपाटाआड उभी असलेली एक अजाण मुलगीही राहिली. रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेली, असे चरित्रकार सांगतात. ही कथा ऐकताना कोणाही आईच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि ते येणे आम्हांस योग्यच वाटते.

नारायण नाशिकनजीक टाकळीस आला. तेथे बारा वर्षे पहाटेपासून माध्यान्हापर्यंत नदीच्या पात्रात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप, नंतर पंचवटीत माधुकरी आणि दुपारी ग्रंथांचे वाचन, असा क्रम होता. वाल्मीकिरामायणाची समर्थांच्या हातची मानली जाणारी प्रत धुळ्यास आजही जतन केलेली आहे. आम्हांस या दिनक्रमात माधुकरी फार महत्त्वाची वाटते. मौन धरणारा हा तरुण रोज एकदा गृहस्थाच्या दारी उभा राहत होता. आपल्या एकान्ताला कोणाच्या तरी चुलीवरचे अन्न लागते, हे त्याला नित्य दिसत होते.

पुढे बारा वर्षे तीर्थाटन झाले आणि चोवीस वर्षांनी समर्थ जांबेस आपल्याच घरी येऊन उभे राहिले. पुत्राच्या स्पर्शाने मातेला पुन्हा दिसू लागले, असे परंपरा सांगते. काही दिवस राहून, आईची अनुज्ञा घेऊन ते कृष्णातीरी गेले. बालपणी न मागितलेली अनुज्ञा त्यांनी या वेळी मागितली, ही गोष्ट आम्हांस चमत्काराहून मोठी वाटते.

ख्रिस्ती धर्मातही एकान्ताची अशीच एक थोर परंपरा आहे. तिसऱ्या शतकात मिसर देशातील संत अंतोनी यांनी धाकट्या बहिणीला धर्मशील स्त्रियांच्या स्वाधीन केले आणि ते वाळवंटाकडे गेले. एका ओसाड गढीत सुमारे वीस वर्षे ते एकटेच राहिले. शेवटी लोकांनीच दार मोडले, तेव्हा ते शांत मुद्रेने बाहेर आले आणि दुःखितांचे सांत्वन करू लागले. दोघांमध्ये देशाचे आणि काळाचे केवढे अंतर! तरी दोघांचीही वाट फिरून माणसांकडेच आली.

समर्थांनी १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभारले आणि पुढे ठिकठिकाणी मठ स्थापन केले. एवढ्या व्यापात ते वारंवार घळींमध्ये जाऊन राहत. शिवथरला त्यांनी सुंदरमठ म्हटले. पावसाळ्यात तेथे धबधब्याचा एवढा घोष असतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. त्यास नीरव म्हणणे कठीणच. पण तो नाद काही मागत नाही आणि काही विचारतही नाही. अशा ठिकाणी वीस दशक, दोनशे समासांचा ग्रंथ सिद्ध झाला, आणि त्यात परमार्थाबरोबर प्रपंच, अक्षर कसे काढावे, माणसे कशी जोडावीत, हेही आले. घरात धड एक वेगळी खोली नसलेल्या गृहिणीलाही पहाटेच्या घटकाभरात तो उघडता येतो. ही घळ पुढे विस्मृतीत गेली. १९३० मध्ये धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी तिचा शोध लावला.

१६७६ पासून समर्थांचे वास्तव्य सज्जनगडावर होते. अखेरच्या दिवसांत त्यांनी अन्न सोडले आणि बोलणेही फार थोडे ठेवले. तंजावराहून घडवून आणलेल्या राम, लक्ष्मण, सीता व मारुती यांच्या मूर्ती पोहोचल्या, त्या त्यांच्यासमोर मांडण्यात आल्या. शके १६०३ च्या, म्हणजे १६८२ च्या आरंभीच्या माघ वद्य नवमीस त्यांनी देह ठेवला. अक्का आणि उद्धवस्वामी जवळ होते. ज्यांनी दासबोध लिहून घेतला ते कल्याणस्वामी त्या वेळी दूर डोमगावच्या मठात होते.