परदेशी गव्हावरचा कर हटवणारा कापडवाला : रिचर्ड कॉब्डेन

धान्यावर आयात कर असावा की नसावा, हा वाद निघाला की इंग्लंडच्या रिचर्ड कॉब्डेन यांचं नाव येतंच. हा माणूस जमीनदार नव्हता की मंत्रीही नव्हता. कापड विकणारा व्यापारी होता.

३ जून १८०४ रोजी ससेक्समधील डनफर्ड इथं शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. भावंडं अकरा. वडिलांची शेती हातची गेली आणि लहानग्या रिचर्डला दूर यॉर्कशायरच्या शाळेत धाडलं. पुढे नातेवाइकाच्या वखारीत नोकरी, मग गावोगाव फिरून कापडविक्री. १८२८ मध्ये दोन भागीदारांसह त्यांनी स्वतःचा धंदा थाटला आणि मँचेस्टरला जम बसवला.

१८१५ च्या कायद्यानुसार, गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांच्या खाली असेल तर परदेशी गहू बाजारात आणायला बंदी होती. १८२८ मध्ये बंदी जाऊन कर आला, पण भाव उतरला की हा कर चढायचा. पार्लमेंटमध्ये जोर जमीनदारांचा. मजुराची कमाई मात्र पाव विकत घेण्यातच संपायची.

१८३८ मध्ये मँचेस्टरला या कायद्याविरुद्ध संघटना उभी राहिली. कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी सभा आणि पत्रकांनी देश ढवळून काढला. कराचा फायदा कुळाला नाही, खंड घेणाऱ्या मालकाला होतो, हे ते शेतकऱ्यांनाच जाऊन पटवायचे. पाव स्वस्त झाला की गिरणीमालक पगार कापतील, अशी शंका मात्र अनेक कामगारांना होती.

१८४१ मध्ये कॉब्डेन खासदार झाले. १८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला, लोक उपाशी मरू लागले. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वपक्षाचा विरोध पत्करून जून १८४६ मध्ये कायदा रद्द करून घेतला. त्याच रात्री त्यांचं सरकार दुसऱ्या विधेयकावर हरलं. जाताना त्यांनी श्रेय कॉब्डेन यांना दिलं.

चळवळीच्या नादात कॉब्डेन यांचा धंदा मात्र बुडाला. लोकवर्गणीतून घर सावरलं. १८५३ मध्ये ब्रह्मदेशावरच्या इंग्रजी युद्धाविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली. १८५६ मध्ये एकुलता मुलगा गेला. चीनवरच्या युद्धाला विरोध केल्यावर १८५७ ची निवडणूकही हरले. तरी १८६० चा फ्रान्सबरोबरचा व्यापार करार त्यांनीच जुळवून आणला. २ एप्रिल १८६५ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

१८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू इंग्लंडात ओतला गेला. शहरातला पाव स्वस्त झाला, गहू पिकवणारा इंग्रज शेतकरी मात्र अडचणीत आला. कॉब्डेन यांच्या विजयाचा हिशेब मांडताना या दोन्ही बाजू धराव्या लागतात.