कॅन्सर रक्तात की सवयीत? डॉ. खानोलकरांनी घेतलेला शोध

महाड : गावात कुणाला कॅन्सर झाला की तो त्यांच्या घराण्यातच आहे, असं बोलून लोक मोकळे होतात. मग त्या घरातल्या मुलीची सोयरीक जुळवताना आजार लपवला जातो. तोंडातली तंबाखू मात्र सुटत नाही. हा आजार रक्तातून येतो की सवयीतून, याचा आपल्या देशात ज्यांनी नेटाने शोध घेतला त्यांत मोठं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५चा, गोमंतकीय मराठी घराण्यातला. लंडनला जाऊन १९२३ साली त्यांनी पॅथॉलॉजीत एम.डी. केलं. परत येऊन मुंबईत मेडिकल कॉलेजात शिकवलं. १९४१ साली परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आपल्या महाड-पोलादपूरचे पेशंट एसटीने जातात तेच हे टाटा.

भारतातल्या माणसाला कॅन्सर कितपत होतो, यावर १९४५ साली त्यांनी निबंध लिहिला. पेशंटची जात, धर्म, राहणी सगळं ते बघत. जिथं तंबाखू चघळतात तिथं तोंडाचा कॅन्सर. आंध्रच्या किनाऱ्याला पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढतात, तिथं टाळूचा. धोतर करकचून बांधणाऱ्यांच्या कमरेला वर्षानुवर्षं घासून कातडीचा. म्हणजे दोष बराचसा सवयीचा निघाला.

पण रक्ताचा प्रश्न त्यांनी सोडून दिला नाही. मुंबईत पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त, तर हिंदू बायकांत गर्भाशयाच्या तोंडाचा जास्त दिसायचा. मग डॉ. एल. डी. संघवींना बरोबर घेऊन त्यांनी मुंबईतल्या, आपापसातच लग्नं करणाऱ्या सहा समाजांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले. ते काम १९४९-५०च्या सुमारास छापून आलं. माणसाच्या आनुवंशिकतेवरचं आपल्याकडचं हे सुरुवातीचं काम.

१९५२ साली परळला कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते पहिले संचालक. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पद्मभूषण मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले.

आज विज्ञान सांगतं की शंभरातले साधारण ५ ते १० कॅन्सरच आईबापाकडून आलेल्या जनुकाच्या दोषामुळे होतात. तो दोष असला तरी आजार होतोच असं नाही, फक्त धोका वाढतो. म्हणून जवळच्या दोघा-तिघांना, त्यातही कमी वयात, कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरला स्पष्ट सांगावं. लपवलं तर वेळेवर तपासणी होत नाही आणि नुकसान आपल्याच लेकीबाळींचं होतं. बाकीच्यांनी मिश्री, तंबाखू, गुटखा यांचा हिशोब आधी करावा.

खानोलकरांनी उभं केलेलं ते केंद्र आता आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे. तिथल्या एका इमारतीचं नाव खानोलकर शोधिका.